पुरुषोत्तमरावांची विहीर

"आधीच सांगतो, तुमच्यातल्या एकाचाही विश्वास बसणार नाही," असं म्हणून पुरुषोत्तमरावांनी बटाटेवडा हातात धरला, पण खाल्ला नाही. वडा गार होऊ देऊन जो माणूस बोलतो त्याच्याकडे लोक जास्त लक्ष देतात, हे ते पुण्यात सोसायटीच्या मीटिंगांमध्ये शिकले होते. "या जूनमध्ये मी आमच्या लाउंजमध्ये विहीर काढली. कार्पेटला एक भोक न पाडता. आणि पाणी किती लागलं? दिवसाला नऊ लिटर!"

न्यूझीलंडमधल्या पुकेकोहेला, चंद्रहासरावांकडे रविवारची सात-आठ डोकी जमली होती. बाहेर कांद्याच्या वावरांवर ऑगस्टचा, म्हणजे इथल्या हिवाळ्यातला, पाऊस पडत होता आणि आत वसुंधरावहिनी वड्यांचा तिसरा घाणा काढत होत्या. चंद्रहासरावांचं सगळं आयुष्य कारखान्यांतले बॉयलर तपासण्यात गेलेलं. कोणी काही सांगू लागलं की यात वाफ कुठून निसटतेय, ते आधी बघायचे.

"नऊ लिटर? कशातून?"

"हवेतून."

"थापा."

"खरं आहे काका," पलीकडून सुमेधा म्हणाली. ती पुरुषोत्तमरावांची सून. "नऊच. मी स्वतः मोजलेत." हे सांगताना ती हसली नाही, त्यामुळे चंद्रहासरावांचा नाइलाज झाला आणि पुरुषोत्तमरावांनी वड्याचा पहिला घास घेतला.

तर ही विहीर निघाली कशी, ते ऐका.

मे महिना संपत आला होता. यतीन, म्हणजे त्यांचा मुलगा, ऑकलंडमधल्या पेनरोजच्या एका डेपोत इंजिनिअर. जेवताना पोळी मोडता मोडता तो म्हणाला, "बाबा, मी काय म्हणतो, थंडीचे तीन महिने तुम्ही पुण्याला जाऊन आलात तर? हे घर ओलं, आम्ही दोघं दिवसभर ऑफिसात, श्रिया शाळेत. तुम्ही एकटे बसून कुडकुडणार. तिकडे कसं, उबदार असतं, आपली माणसं असतात. तिकीट बघून ठेवलंय. जूनच्या शेवटच्या शनिवारी काढून टाकू."

"बघू," पुरुषोत्तमराव म्हणाले आणि आमटीत बघत राहिले.

आपली माणसं! पुण्याचा फ्लॅट चौथ्या मजल्यावर. पत्नीला, मंदाताईंना, जाऊन चार वर्षं झाली होती. त्या होत्या तेव्हा पहाटे पाचला पाणी यायचं, दोघं मिळून सतरा भांडी भरायची, आणि संध्याकाळपर्यंत सतराच्या सतरा रिकामी. त्या गेल्यावरही पुरुषोत्तमराव सवयीने पाचला उठून सतरा भांडी भरत. तीन-तीन दिवस ती तशीच भरलेली राहत. मग एके दिवशी त्यांनी ते सगळं पाणी मोरीत ओतलं, यतीनला फोन केला आणि म्हणाले, "येतो रे तिकडे." आता हा पोरगा त्यांना परत त्या भांड्यांकडे पाठवायला निघाला होता, आणि तेही प्रेमानं. रागानं पाठवलं असतं तर भांडता तरी आलं असतं.

त्यांनी ठरवलं, भांडायचं नाही. आपल्यावाचून या घराचं अडतं, एवढं महिनाभरात दाखवून द्यायचं. मग तिकिटाचं नाव कोण काढतो?

पण अडावं असं काही सापडेना. छपराच्या गटरमधला पाला काढायला शिडी मागितली, तर सुमेधाने शिडीच शेजारी नेऊन ठेवली. घर गरम करणाऱ्या हीट पंपाची जाळी धुतली, ती ओलीच परत बसवली, आणि दोन दिवस घरात भिजलेल्या कुत्र्याचा वास आला. शेवटी जूनच्या पहिल्या सोमवारी सुमेधानेच त्यांना काम दिलं. ती दुकानातून चाकांवरचं, गुडघ्याएवढं एक यंत्र घेऊन आली.

"बाबा, हा डीह्युमिडिफायर. घरातली ओल शोषून घेतो. दिवसभर चालू ठेवायचा, आणि संध्याकाळी टाकी भरली की सिंकमध्ये ओतून द्यायची. बास, एवढंच."

पहिल्या संध्याकाळी टाकीत अडीच लिटर पाणी जमलं होतं. स्वच्छ, नितळ, एखाद्या झऱ्याचं असावं तसं. पुरुषोत्तमराव टाकी घेऊन सिंकपाशी गेले आणि थांबले. हात वळेना. ज्या माणसाने अकरा वर्षं सोसायटीच्या पाण्याचं सेक्रेटरीपद सांभाळलं, ज्याने अर्ध्या टँकरसाठी भर उन्हात हमरीतुमरी केली, आणि व्हॉल्व्ह पंधरा मिनिटं उशिरा सोडला म्हणून ज्याच्याशी बी विंगमधले दोघे आजतागायत बोलत नाहीत, त्या माणसाने अडीच लिटर पाणी ओतून द्यायचं? बाहेर पाऊस कोसळत होता ही गोष्ट वेगळी. पावसाचं पाणी देवाचं, हे आपल्या घरचं.

त्यांनी ते बादलीत ओतलं आणि बादली आपल्या खोलीत नेऊन ठेवली.

"वा बाबा!" आकडा ऐकून यतीन म्हणाला. "मशीन जोरात आहे."

खूप दिवसांनी कोणी त्यांना वा म्हटलं होतं. दुसऱ्या दिवशी ते उत्साहाने कामाला लागले. यंत्राला चाकं होती, तेव्हा ते एका जागी कशाला ठेवायचं? पाणाड्या जसा हातात फांदी धरून वावरभर हिंडतो, तसे ते यंत्र ढकलत घरभर हिंडले. लाउंजमध्ये तासाला पेलाभर. पॅसेजमध्ये त्याहून कमी. आणि स्वतःच्या खोलीत, बादलीशेजारी, भरभरून! इथेच झरा आहे, असं म्हणून त्यांनी दिवसभर यंत्र आपल्या खोलीत लावायचं ठरवलं. संध्याकाळी मंडळी घरी यायच्या आत ते पुन्हा लाउंजमध्ये, जागच्या जागी.

"अहो, पण बादली उघडी होती?" चंद्रहासरावांनी मध्येच विचारलं.

"झाकायला काय तो बासुंदीचा टोप आहे?" पुरुषोत्तमराव म्हणाले. "ऐका तर पुढे."

पाणी साठलं की वापरावं लागतं. सकाळ-संध्याकाळ ते विहिरीचं पाणी गरम करून स्वयंपाकघर आणि पॅसेज पुसू लागले. पुसायची फडकी यंत्रासमोर वाळत घातली. बाहेर पाऊस, म्हणून सडा घातला गॅरेजमध्ये. मग सुमेधाचं एक काम वाचावं म्हणून घरातले सगळे कपडे धुऊन स्टँडवर आपल्या खोलीत टांगले. यंत्र खूश होऊन घरघरायचं. तीन लिटर. चार. साडेपाच. जेवायच्या टेबलावर आकडा जाहीर झाला की यतीन टाळी द्यायचा आणि श्रिया म्हणायची, "स्वीट अ‍ॅज, आजोबा!"

बादल्या संपल्या तेव्हा पातेली आली, पातेली संपली तेव्हा डबे, कुकर, श्रियाचा लहानपणचा आंघोळीचा टब. सगळी भांडी पलंग आणि भिंत यांच्या मधल्या बोळात ओळीने. बाहेरून कुणाला दिसत नसत. आणि एवढी मेहनत करून गरम केलेली हवा बाहेर निसटू नये म्हणून पुरुषोत्तमरावांनी खिडक्यांच्या वरच्या फटींत जुने पायमोजे कोंबले. बाथरूममधल्या पंख्याच्या भोकातून गार वारा यायचा, तर तिथे खोक्याचा पुठ्ठा चिकटपट्टीने लावून टाकला. छोटीशी दुरुस्ती. पण दुरुस्ती ती दुरुस्ती.

दुसऱ्या आठवड्यात घर बिघडू लागलं.

मिठाचा दगड झाला. पापड मोडेनासे झाले, नुसते वाकायचे. सुमेधाच्या कपाटाचे खण फुगून बसले, आणि तिला दोन दिवस एकाच स्वेटरवर ऑफिसला जावं लागलं. बँकेची कोरी पाकिटं आपोआप चिकटली. आणि पुरुषोत्तमरावांच्या पुण्याहून आणलेल्या काळ्या बुटात, डाव्या पायाच्या, अळंबी उगवली.

"हे मात्र अति होतंय," वसुंधरावहिनी झारा हातात घेऊन स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. "बुटात अळंबी?"

"तीन होत्या, काकू," सुमेधा म्हणाली. "एक छान टोपी फुटलेली. माझ्या फोनमध्ये फोटो आहे."

फोटो हातोहात फिरला. चंद्रहासरावांनी तो मोठा करून, उलटा करून पाहिला आणि शेजारी दिला.

"मशीन असून ओल वाढतेय कशी?" सुमेधा रोज विचारायची.

"थंडी वाढतेय ना," यतीन म्हणायचा. इंजिनिअर होता.

"आणि मशीन नसतं तर?" पुरुषोत्तमराव बोट वर करून म्हणायचे. "आज सात लिटर काढलं मी. हे सात लिटर घरात राहिलं असतं तर बुडालो असतो आपण!"

हे सगळ्यांना पटायचं. त्यांना स्वतःला तर सर्वांत जास्त.

पण तिसऱ्या आठवड्यात श्रियाला खोकला लागला. आणि एका सकाळी पॅसेज पुसताना पुरुषोत्तमरावांच्या कानावर सुमेधाचे शब्द पडले. ती यतीनला हलक्या आवाजात सांगत होती, "उद्या बाबांनाही होईल रे. या वयात छाती भरली तर काय करायचं? तू आधीचं तिकीट बघ."

पुरुषोत्तमराव हातात ओलं फडकं घेऊन तसेच उभे राहिले. म्हणजे ओल वाढली तर ते जाणार होते. आणि ओल तर त्यांच्याशी सरळ सरळ पैज लावल्यासारखी वाढत होती. यावर उपाय एकच. जास्त पुसायचं, जास्त वाळवायचं, जास्त पाणी काढायचं. नातीच्या खोकल्याला वाफ बरी म्हणून त्यांनी दुपारी दोन तास गॅसवर पातेलं उकळत ठेवलं. त्या दिवशी नऊ लिटर निघालं.

जूनचा शेवटचा शनिवार उजाडला. यतीन आणि सुमेधा श्रियाला घेऊन डॉक्टरकडे गेले. जाताना यतीन म्हणाला, "आल्यावर तिकिटाचं बसून बघू हं बाबा." पुरुषोत्तमरावांनी मान डोलावली, दार लावलं आणि शेवटचा डाव म्हणून अख्खं घर उकळत्या पाण्याने तीनदा पुसून काढलं. फरशी आरशासारखी झाली. भिंतींवरून ओघळ उतरू लागले. ते थकून पलंगावर बसले आणि त्यांना वाटलं, आता येऊन बघतील तेव्हा कळेल त्यांना, घरात माणूस असला की काय होतं ते.

अकरा वाजता गाडी आली. किल्ली फिरली. दार हललं नाही.

"बाबा, आतून कडी लावलीय का?"

"छे रे! ढकल."

यतीनने ढकललं. पुरुषोत्तमरावांनी आतून ओढलं. लाकडाचं दार चौकटीत असं फुगून बसलं होतं, जसा जावई पहिल्या दिवाळीला बसतो. पुरुषोत्तमरावांनी पाय भिंतीला लावून मूठ ओढली, आणि मूठ त्यांच्या हातात आली. दार तिथेच.

"आता मूठ निघाली," ते आतून म्हणाले. "तू काळजी करू नकोस. मी बसवतो."

"बाबा, प्लीज, तुम्ही काही बसवू नका!" सुमेधा बाहेरून ओरडली. इतक्या दिवसांत ती पहिल्यांदा ओरडली होती.

शेवटी शेजारच्या सिओनेला हाक मारली. सिओने टोंगाचा, शनिवारी सकाळी रग्बी खेळून नुकताच घरी आलेला, पायांत जँडल्स, म्हणजे रबरी चपला, आणि खांदे दाराएवढे. "किया ओरा, अंकल!" तो दाराला तोंड लावून ओरडला. "स्टँड बॅक!" पुरुषोत्तमराव मागे सरले. सिओनेने एकच खांदा दिला. दार उघडलं, सिओने आत आला, आणि तीनदा पुसलेल्या फरशीवर त्याला थांबताच आलं नाही. पॅसेजभर घसरत, वाटेत काही धरायला न मिळता, तो थेट पुरुषोत्तमरावांच्या खोलीत, पलंगाला वळसा घालून, भांड्यांच्या बोळात जाऊन बसला. पहिली बादली आडवी झाली. मग तिने दुसरीला सांगितलं.

सगळे दारात येऊन उभे राहिले, तेव्हा सिओने घोटाभर पाण्यात बसलेला होता, मांडीवर कुकर होता, आणि शेजारी यंत्र शांतपणे घरघरत होतं. त्याने भांड्यांकडे पाहिलं. टांगलेल्या कपड्यांकडे पाहिलं. पायमोज्यांकडे पाहिलं. मग हसायला लागला तो असा की पाण्याला लाटा आल्या.

"सेम वॉटर, अंकल!" तो डोळे पुसत म्हणाला. "इट गोज अप, मशीन पुट्स इट बॅक. राउंड अँड राउंड. सेम वॉटर!"

पुरुषोत्तमरावांना कळायला थोडा वेळ लागला. मग एकदम कळलं. तीन आठवडे ते एकच पाणी काढत होते. तेच सकाळी फरशीवरून, कपड्यांवरून, बादल्यांमधून उठायचं, घरभर फिरायचं, पापडात आणि बुटात डोकावायचं आणि संध्याकाळी मुकाट्याने टाकीत परत यायचं. रोज त्याच पाण्याची त्यांनी जेवायच्या टेबलावर नव्याने ओळख करून दिली होती. त्यांना हसू आलं नाही. कुठेच जायचं नसलेल्या त्या पाण्याबद्दल त्यांना उगाच आपलेपणा वाटला.

आता बोलणी बसणार म्हणून ते खाली मान घालून उभे राहिले. यतीन वाकून भांडी सरळ करत होता. कुकर, डबे, पातेली, टब. करता करता त्याचे ओठ हलत होते.

"सतरा," तो म्हणाला.

सुमेधाने एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा सासऱ्यांकडे, आणि पाणी टिपायला टॉवेल आणायला गेली.

चहा पिता पिता सिओनेने उपाय सांगितला. मशीन ठेवा, पण पाणी ओतून द्या. कपडे गॅरेजमध्ये. पायमोजे काढा. आणि मुख्य म्हणजे खिडक्या. ऊन आलं की दहा मिनिटं सताड उघडायच्या, पाऊस आला की बंद, पुन्हा ऊन आलं की पुन्हा उघडायच्या. दिवसातून सहा वेळा, आठ वेळा. ऑकलंडचं ऊन म्हणजे घाईतला पाहुणा, चपला काढेपर्यंत निघून जातो. तेव्हा घरात दिवसभर कोणीतरी खिडकीशी बसलेलं हवं. मशीनला ते जमत नाही.

यतीनचा लॅपटॉप टेबलावर उघडा होता. त्यावर तिकिटाचं पान होतं.

"डॉक्टरही तेच म्हणाले," सुमेधा कपात बघत म्हणाली. "हवा खेळती ठेवा. आता आपण दोघं दिवसभर बाहेर. खिडक्या कोण उघडणार?"

यतीनने लॅपटॉप मिटला.

दोन आठवड्यांत श्रियाचा खोकला गेला, तिसऱ्यात खण उघडले, चौथ्यात पापड पुन्हा मोडायला लागले. पुरुषोत्तमराव सकाळी आठला खिडकीशी खुर्ची टाकून बसत आणि आकाशाकडे असं बघत, जसे पूर्वी टँकरच्या रस्त्याकडे बघत. ढग सरकला की उठत. यंत्रात आता दिवसाला जेमतेम लिटरभर पाणी यायचं, आणि ते सिंकमध्ये ओतताना ते दुसरीकडे बघायचे.

गोष्ट संपली तेव्हा पुकेकोहेतला पाऊस थांबला होता आणि वडे संपले होते. चंद्रहासराव बोटांवर काहीतरी मोजत होते.

"बंदिस्त घर, उघडं पाणी, वरून उकळतं पातेलं," ते अखेर म्हणाले. "बसतं गणित. वाफ कुठे निसटलीच नाही, हाच घोटाळा. मान्य. अळंबीसकट मान्य."

पुरुषोत्तमरावांनी छाती थोडी पुढे काढली. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांची अख्खी गोष्ट जशीच्या तशी मान्य झाली होती. एवढ्यावर थांबावं, हे त्यांना कळत होतं. पण ज्याला थांबावं कळतं आणि थांबताही येतं, तो माणूस गोष्टी सांगत नाही.

"आता खरं सांगू का," ते खुर्चीत मागे रेलून म्हणाले, "मला काही इथे राहायचं नव्हतं हो. आपल्या माणसाला शेवटी आपलं गाव ते गाव. मी तर जायची सगळी तयारी करून बसलो होतो. यतीनने नुसतं तिकीट काढायचा अवकाश, की निघालो. पण यांनीच हात जोडले, बाबा नका जाऊ, घर उघड्यावर पडेल. मग म्हटलं, चला, मुलांसाठी एवढं करू."

सगळ्यांनी माना डोलावल्या. वसुंधरावहिनींचे तर डोळे भरून आले. "खरंय," चंद्रहासराव म्हणाले. "हे मात्र लगेच पटलं. यात पुरावा मागायला नको."

कोपऱ्यात कार्पेटवर पालथी पडून चित्र रंगवत असलेल्या श्रियाने मान वर केली नाही. फक्त रंगीत पेन्सिल बदलली.

"दॅट्स अ लाय, आजोबा," ती म्हणाली. "यू हिड युअर पासपोर्ट इन माय स्विमिंग टॉग्जची बॅग. बिकॉज नोबडी ओपन्स इट टिल समर."